चारचौघांसारखं नाक

कोजागरीच्या रात्री आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं, मुलं भेंड्या खेळत होती, आणि तिसऱ्या मजल्यावरची मुलगी वर का आली नाही, यावरून बोलणं सुरू झालं. मुलगी चोवीस वर्षांची. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करते. आठ दिवसांपूर्वी तिने नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. नाकावर पट्टी आणि डोळ्यांखाली काळंनिळं, म्हणून ती खाली घरातच बसून होती. कुणीतरी म्हणालं, "नाशकात नाक कापायची परंपराच आहे, लक्ष्मणापासून." सगळे हसले. मुलीची आई त्या वेळी पातेल्यातून पेले भरत होती. तिचा डाव थांबला नाही, पण त्यानंतर तिने मान वर केली नाही.

पुढचा तासभर गच्चीवर वाद झाला. एका बाजूला आमच्या वयाची माणसं होती. त्यांच्या मते हे सगळं इन्स्टाग्रामचं वेड, हातात पैसा लवकर आल्याचा परिणाम, देवाने दिलेल्या शरीराचा अपमान. दुसऱ्या बाजूला पंचविशीतली मुलं. त्यांचं एकच वाक्य: तिचं शरीर, तिचे पैसे, तिची मर्जी, विषय संपला. मी सत्तावीस वर्षं महाविद्यालयात शिकवते आहे. अशी मुलं-मुली वर्षानुवर्षं माझ्यासमोरच्या बाकांवर बसलेली आहेत. गच्चीवरचे दोन्ही पक्ष ज्या मुलीबद्दल भांडत होते, ती मुलगी मला तरी कुठे भेटलेली नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्याकडची तरुण मुलं शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातात ती बहुतेक वेळा सुंदर होण्यासाठी जात नाहीत. आपल्यावर खिळलेली नजर एकदाची हटावी, म्हणून जातात. चारचौघांत उठून दिसण्याची त्यांची हौस नसते. त्यांना चारचौघांसारखं दिसायचं असतं. हे एकदा नीट कळलं की 'ही पोरं अशी का वागतात' हा प्रश्न मागे पडतो, आणि ती नजर कुणाची होती हे विचारावं लागतं. गच्चीवर हे कुणी विचारलं नाही, कारण उत्तर तिथेच सतरंजीवर बसलेलं होतं.

आपली भाषाच बघा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने. नकटं असावं पण धाकटं असू नये. कौतुक करायचं तरी कसं, तर 'रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.' म्हणजे रंगाची वजाबाकी नाकाने भरून काढायची, आणि नाकही नीटस नसेल तर त्या मुलीच्या खात्यात काहीच उरत नाही. स्थळांच्या माहितीपत्रकात आजही 'निमगोरा' हा शब्द असतो. लग्नाच्या बाजाराखेरीज तो दुसरीकडे कुठे माझ्या कानावर आलेला नाही. माझ्या लहानपणी दिवाळीच्या महिनाभर आधीपासून मला साय-हळद आणि डाळीचं पीठ लावलं जायचं. धाकट्या बहिणीला लागायचं नाही, ती उजळ होती. त्या पिठाला सगळे लाड म्हणायचे. चोळणारा हात आजीचा होता आणि प्रेमाचाच होता, तरी त्या हाताने मला काय सांगितलं ते मला आठव्या वर्षी कळलं होतं. मग 'हे मोबाइलमुळे झालं' असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि हे फक्त मुलींचं नाही. माझ्या मावसबहिणीचा मुलगा एकोणीस वर्षांचा असताना त्याचे आजोबा गेले. दहाव्याला सगळे रामकुंडावर जमले. थंडीचे दिवस. गुरुजींनी सांगितलं, सदरा काढून पाण्यात उतरा. याने सदरा काढला, पण उपरणं दोन्ही खांद्यांवरून पुढे घेऊन एका मुठीत छातीशी घट्ट धरलं. पाणी द्यायची वेळ आली. ओंजळ काही एका हाताने होत नाही. गुरुजी वाट बघत होते, मागे रांगेत नातेवाईक उभे. मागून एक काका म्हणाले, "अरे, बायकांसारखा काय लाजतोस?" त्याने मूठ सोडली, उपरणं घसरलं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं की त्याची छाती मुलीसारखी दिसते. डॉक्टर याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांना हे थोड्याफार प्रमाणात होतं आणि बहुतेकांचं एक-दोन वर्षांत आपोआप बसतं. याचं बसलं नाही. ती गाठ ग्रंथीची असते, त्यामुळे जिममध्ये कितीही घाम गाळला तरी जात नाही. तीन वर्षांनी पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे साठवून त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. सांगितलं फक्त आईला. उघड्या अंगाचा एकही फोटो त्याने कधी कुठे टाकला नाही. दोन शर्ट एकावर एक घालायचं त्याने बंद केलं, एवढाच काय तो बदल. याला दिखाऊपणा म्हणायचं असेल, तर दिखाऊपणा या शब्दाला काही अर्थच राहत नाही.

प्लॅस्टिक सर्जरीचा इतिहासही हेच सांगतो. बर्लिनमधले शल्यचिकित्सक जाक योसेफ यांच्याकडे १८९६ साली एक आई मुलाला घेऊन आली. मुलाचे कान बाहेर आलेले, त्यावरून पोरं चिडवायची, म्हणून तो शाळेत जाईना. योसेफ यांनी कान मागे बसवून दिले, आणि 'निरोगी अवयवाला चाकू लावला' म्हणून त्यांची रुग्णालयातली नोकरी गेली. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, त्यांनी एका अठ्ठावीस वर्षांच्या माणसाचं मोठं नाक लहान केलं. तो माणूस जाईल तिथे लोक नाकाकडे बघायचे, त्यामुळे त्याने लोकांत जाणंच सोडलं होतं. शस्त्रक्रियेनंतर त्याला आनंद कशाचा झाला? आता रस्त्यावरून जाताना कुणी बघत नाही, याचा. योसेफ स्वतः ज्यू होते आणि त्यांच्याकडे येणाऱ्यांत ज्यू पुष्कळ होते. त्या शहरात ज्यूंच्या नाकाची व्यंगचित्रं छापली जात होती. त्या तरुणांना 'तुम्ही छानछोकीच्या मागे लागलात' असं आज कुणी म्हणेल का?

आपल्या पुण्याजवळची गोष्ट तर त्याहून जुनी. कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात तोडला. वर्षभरानंतर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकांनी १८१४ मध्ये इंग्लंडात तसंच करून पाहिलं, आणि ती पद्धत जगभर 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखली गेली. हा किस्सा आपण अभिमानाने सांगतो. सुश्रुताचं नाव घेताना तर आपली छाती फुगते. पण कावसजीला नाक कशासाठी हवं होतं? नाक कापलेला माणूस श्वास घेऊ शकतो, जेवू शकतो, बैलही हाकू शकतो. नाक कापण्याची शिक्षा होती ती अब्रूवर. ज्याला त्याला दिसावं म्हणूनच ते कापलं जायचं. म्हणजे ही विद्या जन्माला आली तीच लोकांच्या नजरेवरचा उपाय म्हणून. पुढे ब्रिटनमधले नावाजलेले प्लॅस्टिक सर्जन हॅरल्ड गिलीज यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्यात कोंढव्याला कुष्ठरुग्णांची बसलेली नाकं आणि वाकडी झालेली बोटं दुरुस्त केली. रोग औषधाने बरा झाला तरी बसलेलं नाक घेऊन गावात परतणं अवघड होतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

यावर लगेच उत्तर येतं: ती गरज होती, ही चैन आहे. आपला कायदाही अशीच रेघ ओढतो. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा अपघात असेल तर प्लॅस्टिक सर्जरीला जीएसटी नाही. फक्त रूपासाठी असेल तर १८ टक्के. आरोग्य विमाही अपघात, भाजणं, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज यांपलीकडे पैसे देत नाही. करासाठी कुठेतरी रेघ ओढावी लागते, ते मला मान्य आहे. पण कराची रेघ ही माणसाच्या दुःखाची रेघ नव्हे. रामकुंडावर मुठीत उपरणं धरून उभ्या असलेल्या मुलाचं दुःख कोणत्या कलमात बसतं, हे कुणी मला समजावून सांगावं. आणि 'देवाने दिलं तसं ठेवा' म्हणणाऱ्या आपण बाराव्या दिवशी सोनाराला बोलावून तान्ह्या लेकराचे कान टोचतो, तेराव्या वर्षी दातांना तारा लावतो. तेव्हा देव आड येत नाही.

आता समोरच्या बाजूचं खरं बळ कशात आहे ते बघू, कारण गच्चीवर ते कुणी नीट मांडलंच नाही. पहिला मुद्दा फोनचा. तो खोटा नाही. हातभर अंतरावरून काढलेला फोटो नाक फुगवून दाखवतो. फूटभर अंतरावरून घेतलेल्या फोटोत पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असा हिशेब अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये मांडला होता. म्हणजे ती मुलगी रोज जे नाक बघते ते तिचं नसतंच, भिंगातून आलेलं असतं. शिवाय काही जणांचं दुखणं नाकात नसतं, मनात असतं. नसलेला किंवा नगण्य दोष त्यांना दिवसरात्र छळतो. त्याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, आणि अशा माणसाचं नाक बदलून दिलं तरी बहुधा समाधान होत नाही. त्याचं बोट हनुवटीकडे वळतं. हे मी पूर्णपणे मान्य करते. पण हा विकार एनरिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरांनी नोंदवला तो १८८६ साली. तेव्हा घराघरात कॅमेरासुद्धा नव्हता. फोनने पेटलेल्या चुलीत रॉकेल ओतलं, हे खरं. चूल आपण पेटवली होती.

दुसरा मुद्दा जिवाचा. २०२२ च्या मे महिन्यात बंगळुरूमध्ये एकवीस वर्षांची एक मालिका-अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. केसांचं रोपण करणारी दुकानं गल्लोगल्ली झाली आहेत. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाला सांगावं लागलं की यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत पाहून हे काम शिकता येत नाही. आयोगाला ते लिहावं लागलं, यातच सगळं आलं. विशीच्या मुलाचं पुढचं टक्कल भरून दिलं आणि मागचे मूळचे केस गळतच राहिले, तर तिशीत त्याच्या डोक्यावर एक बेट उरतं. हे त्याला आधी सांगणारा डॉक्टर भेटेलच, अशी खात्री नाही. पण हा युक्तिवाद कुणाविरुद्ध आहे? अर्धवट शिकलेल्या हातांविरुद्ध, आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणाऱ्यांविरुद्ध. त्या मुलाच्या मनातल्या कारणाविरुद्ध तो नाही. उलट जितकी आपण थट्टा करू तितकी ही मुलं गुपचूप जातील, आणि गुपचूप जाणारा माणूस पदवी विचारत नाही, स्वस्त काय ते विचारतो. राज्यातल्या डॉक्टरांच्या पदव्या देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात, म्हसरूळला आहे. प्लॅस्टिक सर्जनकडे त्या विषयातली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी असायला हवी, ही साधी गोष्ट आपल्या शहरातल्या किती आईबापांना ठाऊक आहे? मुलगी घरी मोकळेपणाने बोलू शकली असती, तर वडिलांनी निदान हे तरी विचारलं असतं.

तिसरा मुद्दा सगळ्यांत अवघड आहे आणि माझ्याकडेही त्याचं सोपं उत्तर नाही. एकीने नाक सरळ केलं की शेजारणीचं नाक आणखी वाकडं दिसू लागतं. प्रत्येक शस्त्रक्रिया रूप मोजण्याची पट्टी थोडी वर सरकवते. हुंड्यासारखंच हे. हुंडा देणारा बाप आपल्या मुलीपुरता शहाणपणाच करत असतो, आणि त्याच शहाणपणाने गावातल्या बाकीच्या मुलींचा भाव ठरवत असतो. १९६१ चा कायदा झाला तरी ही साखळी तुटलेली नाही. मग शस्त्रक्रिया करणारी मुलगी ही साखळी लांबवत नाही का? लांबवते. नाही म्हणणं खोटेपणाचं होईल.

तरीही मी तिला दोष देणार नाही. जातीवरून खोली नाकारणाऱ्या शहरांत कितीतरी माणसांनी राजपत्रात जाहिरात देऊन आडनावं बदलली. आडनाव बदलल्याने जात गेली नाही; उलट आडनाव विचारण्याची सवय कदाचित पक्कीच झाली. म्हणून त्या माणसाला 'तू आधी जुन्या आडनावानिशी रस्त्यावर झोप, म्हणजे समाज सुधारेल' असं सांगण्याचा अधिकार कुणाला आहे? ज्याला घर मिळालेलं आहे, त्याला तर नक्कीच नाही. सुधारणेचं ओझं नेहमी सोसणाऱ्याच्याच डोक्यावर का द्यायचं? चोवीस वर्षांच्या मुलीने वाकडं नाक घेऊन आयुष्यभर आपल्याला धडा शिकवत राहावं, ही अपेक्षा सरळ नाकाच्या माणसांनी करू नये.

इथे पंचविशीतल्या मुलांनाही मला काही सांगायचं आहे. 'तिची मर्जी' हे वाक्य बरोबर आहे, पण ते फार लवकर संपतं. मर्जी हवेतून येत नाही. पाच वेळा चहापोह्यांच्या ताटामागून नकार आल्यावर झालेली मर्जी, नोकरीच्या जाहिरातीत 'प्रेझेंटेबल' हा शब्द वाचून झालेली मर्जी, वर्गात शिक्षकानेच 'काका' म्हणून हाक मारल्यावर झालेली मर्जी. हे शेवटचं मी स्वतः ऐकलेलं आहे. माझ्याच एका सहकाऱ्याने विसाव्या वर्षी केस गळू लागलेल्या मुलाला ही हाक चिकटवली. पुढे सगळा वर्ग ती वापरू लागला आणि तो मुलगा टोपीशिवाय दिसेनासा झाला. मी स्टाफरूममध्ये ते ऐकत होते आणि काही बोलले नाही. आज तो मुलगा केसांचं रोपण करून आला, तर 'त्याची मर्जी' म्हणून मला हात झटकता येतील. तसे झटकू दिले जाऊ नयेत. मर्जीचा मान राखायचाच, पण ती कुणी घडवली हे विचारायचं थांबवायचं नाही.

आणि हे बदलता येतं. दक्षिण कोरियात नोकरीच्या अर्जावर फोटो लावण्याची रीत होती आणि तरुणांनी पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेणं ही तिथे रोजची गोष्ट. २०१७ मध्ये तिथल्या सरकारने सरकारी भरतीच्या अर्जांवरून फोटो काढून टाकायला लावला. मुलांना उपदेश केला नाही, बघणाऱ्याचा कागद बदलला. आपल्याकडचं उदाहरण तर मला अधिकच जवळचं वाटतं. केशवपनाच्या काळात विधवेला 'तू नकार दे' असं सांगणं क्रूरपणाचं होतं. तिच्या हातात काही नव्हतं. १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक समाजातली माणसं जमली आणि त्यांनी ठरवलं, आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. ज्याच्या हातात वस्तरा, त्याने निर्णय घेतला. आज नश्तर ज्यांच्या हातात आहे त्यांनी सरसकट नकार द्यावा, असं माझं म्हणणं नाही. केशवपन लादलेलं होतं, हे मागितलेलं आहे, आणि हा फरक मोठा आहे. पण 'हे तुला कधीपासून खटकतंय, आणि पहिल्यांदा कुणी म्हणालं?' एवढा एक प्रश्न प्रत्येक सर्जनने विचारावा, उत्तर ऐकायला वेळ द्यावा, महिनाभराने पुन्हा बोलवावं, आणि ज्याचं बोट नाकावरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून गालावर फिरतंय त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं. असं करणारे चांगले डॉक्टर आहेत. ते अपवाद राहू नयेत.

त्या रात्री वाद संपल्यावर मुलीची आई एका पेल्यावर ताटली झाकून खाली निघाली. जिन्यात दिवा नव्हता, म्हणून मी मोबाइलचा उजेड दाखवत बरोबर गेले. मुलगी हॉलमध्ये उशीला टेकून, मान ताठ ठेवून बसली होती. डॉक्टरांनी तसंच बसायला सांगितलं होतं. तोंडाने श्वास घेत असल्यामुळे तिचे ओठ सुकले होते. वर काय बोलणं झालं ते तिने विचारलं नाही. आवाज खालपर्यंत येत होते. तिने दुधाचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "मॅडम, सूज उतरली की कुणाला कळणार नाही ना, काही केलंय ते?"

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, नाक पूर्ण बसायला वर्षभर लागेल.